आण्णा लोहारांचं नाक

मी नारळ फोडायला हात वर नेला आणि तेवढ्यात नासक्या अंड्यांचा वास आला.

"कुणाचं गटार फुटलं रं?" शेजारच्या शेडमधला रजाक पेंटर नाकाला रुमाल लावत म्हणाला.

गटार नव्हतं. गल्लीच्या तोंडातून एक पांढरी गाडी आचके देत आत आली, माझ्या शेडसमोर थांबली आणि तिच्यातून आण्णा लोहार उतरले. नारळ माझ्या हातातच राहिला. पाच वर्षं मी या माणसाची वाट बघत होतो.

दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी हत्यार उचलत नाही. पाने, पकडी, जॅक सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्यालाच परत हात लावायचा. आमच्या गल्लीत पूजा फिरती असते. सगळे मिस्त्री मिळून एकेका शेडमध्ये जातात, नारळ फुटतो, चिरमुरे-खोबरं वाटतात आणि मग पुढची शेड. त्या घटकेला माझा नंबर होता, म्हणून दहाबारा मिस्त्री माझ्या दारात उभे होते. आण्णांना यायला याहून चांगला मुहूर्त मी स्वतः काढला असता तरी सापडला नसता.

"काय आण्णा, हिकडं कुठं वाट चुकलासा?" मी विचारलं.

"वाट न्हाई चुकलो, येशा. जावयाची गाडी हाय. त्यो इंजनाचा दिवा पेटलाय स्पीडच्या काट्यापाशी. विझव तेवढा."

"आज?"

"उद्या दसऱ्याला जावई येणार, गाडी घिऊन जाणार. आणि आत्ता शैलाला दवाखान्यात दावायचंय. सकाळपास्नं ओकालीया."

मी आत वाकून बघितलं. मागच्या सीटवर त्यांची मुलगी शैला डोळे मिटून बसली होती. सातवा महिना असावा. कागलच्या शाळेत ती शिकवायची, आणि माहेरी आल्यापासून आण्णा तिला रोज याच गाडीतून ने-आण करत होते, हे मला गल्लीतून कळलं होतं. काचा बंद, एसी चालू.

"तुमच्या गॅरेजात न्हाई विझला?"

"माझी हत्यारं पाटावर हाईत."

"माझीबी हाईत की."

आण्णांची नजर माझ्या पाटाकडे गेली. मधोमध माझा स्कॅनर ठेवला होता. गाडीच्या स्टेअरिंगखाली त्याची वायर लावली की इंजिनाच्या पोटातलं सगळं तो आकड्यांत सांगतो. त्याला मी सगळ्यांत मोठा झेंडू वाहिला होता. मुद्दामच. दरवर्षी मी तसंच करायचो.

का ते सांगायला हवं.

मी आण्णांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं, हे मी नाकारत नाही. आण्णांची ख्याती होती ती त्यांच्या नाकाची. गाडी चालू ठेवून ते सायलेन्सरमागे उकिडवे बसत, ओंजळीत धूर घेत, ओंजळ नाकाशी नेत आणि डोळे मिटत. गल्ली चिडीचूप. मग ते निकाल देत. "पेट्रोल जास्त." "ऑईल जळतंय." "तिसऱ्या प्लगला आग न्हाई." आणि तो निकाल चुकायचा नाही. निपाणी-सांगलीहून लोक फक्त नाक लावून घ्यायला गाड्या आणत.

पुढे नव्या गाड्या आल्या. त्यांच्या सायलेन्सरच्या नळीत बोटाएवढं एक नाक कारखान्यातूनच बसवून येतं, त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. धुरात हवा किती उरली हे तो हुंगतो आणि त्याप्रमाणे इंजिन पेट्रोल कमीजास्त करतं. धड सेन्सर झोका खात असतो. हवा कमी, हवा जास्त, परत कमी, असं सारखं कळवत राहतो. मेलेला सेन्सर एकाच आकड्यावर ठाण मांडून बसतो. त्याच्या पुढे धूर स्वच्छ करणारी एक जाळी असते. सेन्सर मेला आणि कुणी लक्ष दिलं नाही, की फाजील पेट्रोल त्या जाळीत जाऊन जळतं आणि जाळी वितळते. मला हे सगळं शिकायचं होतं. मी जुना स्कॅनर मिळवला आणि आण्णांच्या गॅरेजात आणला. आण्णा त्याला 'येशाचा खुळखुळा' म्हणायचे. मीही हसायचो.

मग एका डॉक्टरांची गाडी आली. दिवा पेटलेला. मी स्कॅनर लावला, सेन्सर मेलेला होता. काढून बघितला तर टोक पांढरं पडलेलं. कारण समोरच दिसत होतं. सायलेन्सरच्या जोडांना लाल पेस्ट थापायची आण्णांची जुनी सवय. कार्बोरेटरच्या गाड्यांना ती खपून जायची, पण तिची वाफ सेन्सरला विष. टोकावर पांढरी राख धरते आणि त्याचं नाक कायमचं बंद. मी आण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. चारचौघांत सांगितलं नाही, एवढी अक्कल मला होती.

आण्णा सायलेन्सरमागे बसले. ओंजळ भरली, हुंगली, डोळे मिटले. "झाक हाय. धूर निर्मळ हाय," म्हणाले. मग त्यांनी काट्यांची काच खोलली, दिव्यावर काळी चिकटपट्टी डकवली आणि काच परत बसवली. दिवा पेटलेला दिसेना. डॉक्टर खुशीत गेले.

वीस दिवसांनी जाळी वितळून ती गाडी हमरस्त्यावर बंद पडली. डॉक्टर तणतणत आले तेव्हा आण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं मशीन लावून बिघडवली. मी नको म्हणत हुतो."

तेही मी गिळलं असतं. पण तिसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मी माझा स्कॅनर सगळ्या हत्यारांच्या शेजारी पाटावर ठेवला होता. पूजेला गल्ली जमलेली. आण्णांनी मेलेला उंदीर उचलावा तसा तो दोन बोटांनी उचलला आणि बाहेर पायरीवर ठेवला.

"ह्याला हत्यार म्हणत न्हाईत," ते म्हणाले. "हत्यार हातात धरत्यात. त्याच्या तोंडाकडं बघत बसत न्हाईत. जा घिऊन. आणि तूबी जा."

गल्ली हसली. मी स्कॅनर काखेत मारला आणि चालू लागलो. पुढे कुणी मला कामावर घेईना, कारण ज्याला आण्णा लोहारांनी हाकललं त्याला ठेवणार कोण? दोन वर्षं मी ट्रॅक्टरांचं ग्रीसिंग करत खेडोपाडी फिरलो. मग त्याच गल्लीत, आण्णांच्या शेडपासून शंभर पावलांवर, मी माझी शेड टाकली. दुसरीकडे जागा मिळत होती. मला तिथेच हवी होती.

तर असे हे आण्णा, आणि अशी ही गाडी.

माझ्या मनात पहिल्यांदा आली ती चिकटपट्टी. चिकटपट्टी काही हत्यार नव्हे, ती पाटावर नव्हती. काच खोलायची, पट्टी डकवायची, 'घ्या आण्णा, विझला दिवा' म्हणायचं. मग वितळू दे जावयाच्या गाडीची जाळी आणि उभं राहू दे म्हाताऱ्याला जावयासमोर मान खाली घालून. खिळ्याला पट्टीचं भेंडोळं अडकवलेलं होतं. ते मी काढून हातातही घेतलं.

पण त्यात मजा नव्हती. त्यांना पायरीवर ठेवायचं तर गल्लीसमोर ठेवायला हवं होतं.

अंड्यांचा वास रस्त्यापलीकडेही जात होता. फाजील पेट्रोल जाळीत जळायला लागलं की हाच वास सुटतो. आण्णा मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. मला वाटलं, म्हातारा सोंग करतोय. स्वतःच्या हातची दुरुस्ती फसलीय, ते झाकतोय. बरं झालं, म्हटलं. हे सोंगच सगळ्यांसमोर फाडू.

"आण्णा," मी आवाज चढवून म्हणालो, "हत्यार तर आज उचलता येत न्हाई. पर तुमचं नाक काय पाटावर न्हाई. एकदा हुंगून सांगा की. पाच वर्सं झाली, आमी बघितलं न्हाई."

मिस्त्री पुढे सरकले. नव्यांतल्या दोघांनी तर आण्णांचं हुंगणं फक्त ऐकलंच होतं.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणाले असते तर? मी हा विचार नंतर पुष्कळदा केला. पण एवढ्या माणसांसमोर नाही म्हणणं त्यांना माहीतच नव्हतं. ते गाडीमागे गेले, धोतराचा सोगा आवरून उकिडवे बसले. ओंजळ भरली. नाकाशी नेली. डोळे मिटले.

"झाक हाय," ते म्हणाले. "जळण बराबर हाय. नुसता दिव्याचा लोच्या हाय."

रजाक खो खो हसायला लागला. "आण्णा, अवो शंभर अंडी नासल्यागत वास सुटलाय! हितं उभं ऱ्हावंना!"

मग सगळेच हसले. एकजण म्हणाला, सर्दी झाली असेल. दुसरा म्हणाला, पाच वर्षांची सर्दी दिसतेय. आण्णा उकिडवेच. या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते, आणि ओंजळ अजून तशीच धरलेली होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटभर जेवल्यावर होतो तसा. पाच वर्षांचं हसणं मी एका सकाळी परत केलं होतं, व्याजासकट.

आणि तेव्हा गाडीचं मागचं दार उघडलं.

"म्हंजे वास येतोय न्हवं?" शैला म्हणाली. दाराला धरून ती उभी होती, ओठ पांढरे पडलेले. "पंधरा दिवस सांगत हुतो मी. बाबा, वास येतोय, डोकं दुखतंय, गरगरतंय. तुमी म्हणालासा काय वास न्हाई. आई म्हणाली, बाबा न्हाई म्हंत्यात म्हंजे न्हाई, पोटुशीला असले भास हुत्यात. मला बी वाटाय लागलं भासच हाय म्हणून."

हसणं थांबलं.

त्या घरात आण्णांच्या नाकावर अपील नव्हतं. ते 'वास नाही' म्हणाले, की वास नव्हता. आणि ही पोरगी पोटातल्या जिवासकट पंधरा दिवस काचा लावून त्या धुरात बसली होती.

रजाकनं आण्णांना हात देऊन उठवलं.

मी धावत जाऊन इंजिन बंद केलं, चारी दारं सताड उघडली, शैलाला माझ्या शेडच्या मागच्या दाराशी, मोकळ्या हवेत, खुर्चीवर बसवलं. रजाकनं तोवर रिक्षा आणली. "डागदराला सांगायचं, गाडीचा धूर कोंडून आत येत हुता," मी तिला दोनदा बजावलं. ती मान हलवून गेली. आण्णा रिक्षात चढायला निघाले तशी ती म्हणाली, "तुमी ऱ्हावा हितंच. गाडीचं बघा." आवाज चढलेला नव्हता. पण ती बापाकडे न बघता बोलली होती.

आण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "काय झालंय ते बघ, येशा. दिवा ऱ्हाऊ दे. धूर आत कुठनं शिरतोय ते बघ. पोरीला सांगाय पायजे."

मी बघणार होतोच. पण पाच वर्षं उराशी धरलेलं एक काम राहिलं होतं, आणि त्या माणसाचं तोंड बघूनही मी ते सोडलं नाही.

"स्कॅनर पाटावर हाय," मी म्हणालो. "आज मी उचलणार न्हाई. तुमी उचला. हत्यार हाय म्हणायचं आणि उचलायचं."

रजाक पुटपुटला, "येशा, ऱ्हाऊ दे की."

आण्णा एक क्षणही थांबले नाहीत. चपला काढल्या. पाटापुढे वाकले. दोन्ही हातांनी स्कॅनर उचलला, कपाळाला लावला आणि माझ्यापुढे धरला. "हत्यार हाय," म्हणाले. झेंडू खाली पडला तो त्यांनी उचलून परत पाटावर ठेवला.

याच प्रसंगाची मी किती वेळा मनात तालीम केली होती. त्यात आण्णा चडफडायचे, थरथरायचे, मी मजा बघायचो. खऱ्यात त्यांना ते अगदी सोपं गेलं. मी मागितलं असतं तर त्यांनी माझे पायही धरले असते. मग माझ्या हातात राहिलं काय?

स्कॅनर लावला. एक हत्यार उठलंच होतं, म्हणून पानेही घेतले. सेन्सर एका आकड्यावर ठाण मांडून बसलेला. खाली शिरून बघितलं तर इंजिनाजवळचा सायलेन्सरचा जोड सुटलेला, आणि त्याला लाल पेस्ट थापलेली. फटीतून बाहेरची हवा आत घुसत होती. हवा जास्त दिसली की सेन्सरला वाटे पेट्रोल कमी पडतंय, म्हणून गाडी आणखी ओतत होती. असं बरेच दिवस खोटं हुंगून हुंगून, पेस्टच्या वाफेनं, शेवटी तोही मेला होता. आणि तो अर्धवट जळालेला धूर त्याच फटीतून बाहेर पडून एसीच्या वाटेनं आत शिरत होता. वास निदान सांगत तरी होता. त्याच्यासोबत जो विषारी वायू जातो त्याला वासच नसतो.

मिस्त्री एकेक करून पुढच्या शेडकडे गेले. मी गाडीखाली, आण्णा बाहेर जमिनीवर बसलेले. मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"डागदराच्या गाडीच्या आधीपास्नं," ते म्हणाले. "त्या पावसाळ्यात तापानं पडलो हुतो न्हवं? उठलो तर चहाला वास न्हाई. म्हटलं यील परत. न्हाई आला."

"म्हंजे त्या दिवशी..."

"तुजं मशीन खरं बोलत हुतं. मला ठावं हुतं."

मी पाना खाली ठेवला. "मग पायरीवर का ठेवलासा?"

त्यांचे पाय जरा हलले. "त्याला वास येत हुता, येशा. मला येत नव्हता. आणि सगळी माझ्याकडं बघत हुती. नाक न्हाई म्हटल्यावर आण्णा लोहार कोण रं?"

मी त्यांना माफ केलं असं लिहिलं तर छान दिसेल. नाही केलं. दोन वर्षं ग्रीस चोपडत फिरलेला माणूस इतक्यात विरघळत नाही. मी जोडाला धड गास्केट बसवलं, सेन्सर मागवायला सांगितला, आणि नवा बसेपर्यंत गाडी चालवायची नाही म्हणालो. दुपारी दवाखान्यातून निरोप आला, दोन्ही जीव ठीक आहेत, थोडक्यात निभावलं. आण्णा निरोप ऐकून पाटापुढे गेले, हात जोडले आणि घरी चालत गेले.

उद्यमनगरात बातमीला सायलेन्सर नसतो. दिवाळीपर्यंत पोराटोरांनाही कळलं, आण्णा लोहारांना वास येत नाही. गाड्या येईनाशा झाल्या. संक्रांतीला त्यांनी शेडला कुलूप लावलं. ती बातमी पसरवणाऱ्यांत मी पहिला होतो. चहाच्या गाड्यावर मी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल, आण्णांच्या ओंजळीची नक्कल करून, आणि दर वेळी 'झाक हाय' वर थांबायचो. तिथे हमखास हशा पडायचा. पुढचं मी कधी सांगितलं नाही. आज दहा-अकरा वर्षांनी पहिल्यांदा सांगतोय.

आणि अजून थोडं राहिलंय.

शिमग्याच्या सुमाराला एका दुपारी आण्णा माझ्या शेडमध्ये आले. काखेत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. शैला मागे रस्त्यावर रजाकच्या बायकोशी बोलत उभी होती.

"नात," ते म्हणाले.

मी हात पुसले. छान आहे म्हणालो.

आण्णा जवळ आले, आवाज खाली आणला. "येशा, एक काम हुतं. घरात सगळी म्हंत्यात, पोरीच्या टाळूला लई ग्वाड वास येतो. बायकू म्हंती, शैला म्हंती. कसला ते कुणाला धड सांगता येत न्हाई." त्यांनी बाळ माझ्यापुढे धरलं, स्कॅनर धरला होता तसंच, दोन्ही हातांनी. "तू हुंग. काय येतं ते बराबर सांग. तू खोटं सांगत न्हाईस."

'काय वास न्हाई, आण्णा.' एवढं म्हणायचाच अवकाश होता. त्यांचेच शब्द होते, आणि ते तपासून बघायला त्यांच्याकडे काही नव्हतं. माझ्या मनात ते आलं, हेही सांगून टाकतो.

मी वाकलो. माझ्या हातांना पेट्रोलचा वास होता, म्हणून ते मागे धरले. टाळूपाशी नाक नेलं आणि डोळे मिटले.

"खोबरेल," मी म्हणालो. "त्याच्याखाली वेखंड. शेक-शेगडीचा धूर, ओव्याचा. आणि दूध, जरासं आंबूस झाल्यालं."

"आणि?"

मी परत हुंगलं.

"आणि गव्हाची कणीक तिंबून ठेवली की येतो न्हवं, तसा एक. त्यो तिचा सोताचा हाय."

आण्णांनी नातीला छातीशी घेतलं, तिच्या टाळूला नाक टेकवलं आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. "खोबरेल," ते हळू म्हणाले. "वेखंड. ओवा. दूध. कणीक."

मग मला म्हणाले, "परत एकदा सांग."

मी सांगितलं.